मादामने दिलेली बाटली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, पाठच्या बहिणीला नाही, देवापुढे एकटी बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हांला का सांगतेय? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही — कदाचित म्हणूनच जमेल. बघू. याआधीही मी मनाशी सांगायला बसले आहे, आणि दर वेळी सुरुवातच अशी करते की पुढे जाईपर्यंत माझा दोष अर्धा होऊन गेलेला असतो.

रत्नागिरीत, आमच्या आळीत, मला मान आहे. कुणाकडे सवाष्ण जेवायला हवी असली की पहिलं बोलावणं मला येतं. बायका आपल्या नव्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "समुद्रापलीकडे जाऊन आली, पण सोवळं सोडलंन नाही हो." मी खाली मान घालते. त्यांना तो विनय वाटतो. काय करू? ओरडून सांगावंसं वाटतं की पुरे करा — आणि मी पुढ्यातल्या लाडवाचा तुकडा मोडून तोंडात टाकते.

नाही, असं नको. पहिल्यापासून सांगते.

आमच्या आंब्याच्या बागा आहेत. ह्यांनी — म्हणजे माझ्या यजमानांनी — घराच्या मागच्या पडवीत आमरस डब्यांत भरायचं काम सुरू केलं होतं. आळीतले लोक त्याला कारखाना म्हणत, पण होत्या नुसत्या मोठाल्या चुली, पातेली आणि डब्यांची झाकणं डाग देऊन बंद करायला एक माणूस. निम्मे डबे फुगून फुटायचे. मुंबईतला एक फ्रेंच व्यापारी आमचा रस घ्यायचा. तो ह्यांना म्हणाला, आमच्याकडे फळं कशी टिकवतात ते एकदा येऊन डोळ्यांनी पाहा. गावी माझी बहीण असते, तिचे द्राक्षांचे मळे आहेत, तिच्याकडेच राहा.

मामंजी म्हणजे माझे सासरे. आळीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांना हे परदेशगमन मुळीच पसंत नव्हतं, पण फुटलेले डबे त्यांनीही पाहिले होते. शेवटी हो म्हणाले. परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यायचं, ही अट होतीच. सासूबाईंनी मला बरोबर धाडायचं ठरवलं. का, तर ह्यांना परक्याच्या हातचं खावं लागू नये. ट्रंकेत तांदूळ, मेतकूट, लोणचं, आमसुलं आणि एक स्टोव्ह. मी राखण करायला निघाले होते, हे तुम्ही लक्षात घ्या. मला पाठवलं होतं ते ह्यांना सांभाळायला.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुरू झाल्या. बंदरावर मामंजींनी ह्यांना बाजूला घेतलं. मी पदर सावरत जवळच उभी होते.

"बाकी काय होईल ते प्रायश्चित्तानं धुतलं जाईल," मामंजी म्हणाले. "पण दारूचा थेंब ओठाला लागता नये. शब्द दे."

"दिला, आबा," हे म्हणाले आणि वाकून पाया पडले.

माझ्याकडून कुणी शब्द घेतला नाही. बायकोमाणसाकडून तसला शब्द घ्यायचं कुणाच्या डोक्यात तरी का यावं?

फ्रान्समधलं ते गाव लहानसं होतं. टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांच्या रांगा, मध्ये दगडी घरं. त्या व्यापाऱ्याची बहीण विधवा होती, आम्ही तिला मादाम म्हणायचो. विधवा बाई पांढरा झगा घालून, मोठ्यानं हसत, पाहुण्यांना स्वतःच्या हातानं वाढते — मी पहिले काही दिवस नुसती तिच्याकडे बघत राहायची. डबे भरायचा कारखाना पाहून झाला, ह्यांनी काय ते समजून घेतलं. मग व्यापारी पॅरिसला निघून गेला. जाताना ह्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणाला. ह्यांनी मला मराठीत सांगितलं, पण सांगताना लाजले. तो म्हणाला होता, काम संपलं, आता हे दिवस तुम्हां दोघांचे. खा, प्या, फिरा.

आम्हां दोघांचे दिवस. लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, पण तोवर एका वेळी, एका ठिकाणी बसून आम्ही दोघं कधी जेवलो नव्हतो. घरी पुरुषांची पंगत उठल्यावर आमची बसायची. ह्यांना जेवताना मी नीट पाहिलेलंही नव्हतं. इथे टेबलाशी समोरासमोर खुर्च्या. ह्यांना माझ्या देखत घास गिळवेना, मला ह्यांच्या देखत.

मग मला गिळवायला लागलं.

तुम्हांला वाटेल मी वाढवून सांगतेय. नाही. लोण्यात परतलेल्या अळंब्यांचा वास त्या स्वयंपाकघरातून आला, आणि मी इकडे स्टोव्हला पंप मारत मऊ भात शिजवत होते. मादाम दारात आली, तिनं माझ्या हातातली पळी काढून घेतली आणि मला टेबलाशी नेऊन बसवलं. आधी अळंब्या. मग शेळीच्या दुधाचं चीज. मग अंड्याचं काहीतरी. मग एक दिवस कांद्याचं सार, आणि ते कशाच्या पाण्यात उकळलंय हे मी विचारलं नाही. कळलं नव्हतं असं नाही. विचारलं नाही. आणि मग कोंबडी — वाईनमध्ये तासन्‌तास शिजवलेली, हाडापासून आपोआप सुटणारी.

आणि ती वाईन. रंग कोकमाच्या आगळासारखा. पहिला घोट जांभळासारखा लागला, आणि गिळल्यावर काजूच्या बोंडासारखा घसा धरला. मी तोंड वाकडं केलं, मादाम हसली, मी पुन्हा एक घोट घेतला. पुढं-पुढं जेवायची वेळ कधी होते याची मी वाट पाहायला लागले.

हे काय करत होते? हे पाव खात होते. दूध पीत होते. उकडलेले बटाटे, सफरचंद, आणि माझे तांदूळ संपेपर्यंत आमसुलाचं सार-भात, तोही पुढे-पुढे स्वतः करून. पोट बिघडलं होतं, थंडीनं नाक वाहत होतं. आम्ही मळ्यांमधून फिरायला जायचो, कुणीतरी तळघरात नेऊन पिंपातली नवी वाईन पेल्यात काढून द्यायचं, आणि हे हात जोडून मागे सरायचे. दर ठिकाणी. तोच नमस्कार, तेच ओशाळं हसू. मला वीट आला होता. इतक्या लांब आलो, आयुष्यात पहिल्यांदा दोघंच आहोत, आणि माझ्या जोडीला कोण आहे, तर दूध-पाव खाणारा आजारी माणूस.

एकदा एका अक्रोडाच्या झाडाखाली मादामने चादर अंथरून जेवण मांडलं. ती जरा पुढे मळ्यात गेली होती. मी माझा पेला ह्यांच्यापुढे धरला. "एक घोट घ्या. माझ्यासाठी."

"आबांना शब्द दिलाय."

"आबा इथे आहेत का बघायला?"

मी पेला तसाच धरून राहिले. मग त्यांनी हळूच माझा हात खाली केला. "तुला आवडतंय ना? मग तू घे. मी घरी कुणाला सांगणार नाही. तू अशी हसतेस, हे मला इथे येईपर्यंत माहीत नव्हतं."

कुणी दुसरी असती तर त्या वाक्यावर जन्म काढला असता. मला राग आला. मला वाटलं, हे मला परवानगी देताहेत. स्वतः स्वच्छ राहून वर मला सूट देताहेत. मी पेला एका दमात संपवला आणि मादामच्या घरी परत येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

निघायच्या दिवशी मादामने मला मिठी मारली आणि तिच्या मळ्यातल्या वाईनची एक बाटली माझ्या हातात दिली. माझ्या हातात, ह्यांच्या नव्हे. मी ती एका जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. ह्यांना सांगितलं नाही. रत्नागिरीत मी ती कुठे उघडणार होते, कधी, कुणाबरोबर? काही ठरवलं नव्हतं. टाकवेना, एवढंच.

आता ते सांगायला हवं.

आम्ही घरी पोचलो. प्रायश्चित्त होईपर्यंत आम्ही ओसरीवरच राहायचं होतं, पण सासूबाईंना धीर नव्हता. ट्रंक ओसरीवरच उघडायला लावली. मामंजी झोपाळ्यावर होते, माझी धाकटी जाऊ दाराआड उभी होती, हे खांबाला टेकून चहाची वाट पाहत होते. सासूबाईंना शिवायचं नव्हतं, म्हणून एक-एक वस्तू मी काढून दाखवत होते. लेस, साबण, चिनी मातीची बशी. मी तळाशी जायचं टाळत होते. "ते लुगडं कसलं गो? त्यात काय आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं काही नाही, आणि घाईघाईनं ते बाजूला सारलं. त्यात ते उलगडलं. बाटली गडगडत फरशीवर गेली. फुटली नाही. फुटली असती तर — जाऊ दे.

"ही कोणाची?" सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "ह्यांची."

एवढंच. विचार करायला वेळ लागला नाही. दुसऱ्या कुणाचा तरी आवाज असावा तसा तो मला ऐकू आला, पण आवाज माझाच होता.

मामंजींनी झोपाळा थांबवला. ह्यांच्याकडे बघितलं. "खरं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही विचाराल, कसं पाहिलं? रागानं नाही. आश्चर्यानंही नाही. एखादं मूल पडताना दिसावं तसं पाहिलं. आणि म्हणाले, "होय, आबा. चुकलं."

"शब्द दिला होतास."

"होय."

मी ट्रंकेतल्या बाकीच्या वस्तू काढायला लागले.

मला हलकं प्रायश्चित्त मिळालं, समुद्र ओलांडला तेवढ्यापुरतं. मी स्वतः शिजवलेल्या भातावर राहिले, असं सासूबाईंनी भटजींना सांगितलं, आणि मी मान हलवली. ह्यांना डोकं, मिशी सगळं उतरवावं लागलं. अंगणात पाटावर बसले होते, आळीतले लोक कुंपणापाशी. गावाचं त्यानं समाधान झालं. मामंजींचं झालं नाही. त्यांनी ह्यांच्या हातचं पाणी घेणं सोडलं. देवघराच्या उंबऱ्याच्या आत ह्यांनी पाऊल टाकायचं नाही, असं सांगितलं. ह्यांचं ताट, वाटी, लोटी वेगळी झाली, आणि ती घासायचं काम कुणाकडे आलं? माझ्याकडे. मी सासूबाईंच्या देखत ती चिंच-राख लावून घासायची आणि वेगळ्या फळीवर पालथी घालायची. एकदा हे चुकून घरातल्या लोटीनं पाणी प्यायले, तर मीच चारचौघांत म्हटलं, "ती नव्हे, तुमची ती तिकडची." कुणी मला असं म्हणायला लावलं होतं? कुणी नाही. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

ह्यांचा आमरस आता चांगला टिकायला लागला होता. तिकडे शिकून आले होते ते नीट शिकले होते. डबे फुगायचे थांबले. मामंजींनी त्या रसाला कधी तोंड लावलं नाही.

परतल्यावर वर्षभरात शालूचा जन्म झाला. सांगायचं मी तेव्हा ठरवलं, पण बाळंतीण होते. मग बारशाला ठरवलं, पण घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मग धाकट्या दिरांना मुंबईत नोकरी लागली, तेव्हा सगळे खुशीत होते. बघा, कारणं कशी हाताशी येतात. आणि जितका उशीर होत गेला तितका मला ह्यांचाच राग येत गेला. एकदा तरी मला का विचारलं नाही? का शिवी दिली नाही, का हात उचलला नाही? दोघंच असताना माझ्यासमोर बसून "असं का केलंस" एवढं म्हणाले असते तर मी मोकळी झाले असते. ते नाही. बागेत जायचे, यायचे, फळीवरची आपली लोटी घ्यायचे. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं माझं डोकं भणभणायचं.

मग मामंजी आजारी पडले. छाती भरली होती. डॉक्टर म्हणाले, आता बोलावून घ्या सगळ्यांना. दीर मुंबईहून आले. दुपारची वेळ होती, मामंजी शुद्धीवर होते. सासूबाईंनी गंगाजळाची वाटी आणि पळी ह्यांच्या हातात दिली. थोरला मुलगा. आता या वेळी तरी, असं त्यांच्याही मनात आलं असावं. हे जवळ गुडघे टेकून बसले. पळी ओठांशी नेली.

मामंजींनी डोळे उघडून पाहिलं कोण आहे ते. आणि ओठ मिटून घेतले. घट्ट. पाणी हनुवटीवरून उशीवर गेलं. हे पुन्हा पळी भरायला गेले, तेव्हा मामंजींनी मान भिंतीकडे वळवली.

मी पायथ्याशी उभी होते. दोन पावलं पुढे होऊन सांगायचं होतं, मामंजी, ह्यांनी शब्द मोडला नाही, ती बाटली माझी होती. ते ऐकत होते, त्यांना कळत होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही — मला वाटतं मुद्दाम पाहिलं नाही. पळी धाकट्या भावाच्या हातात दिली आणि उठले. दिरांच्या हातून मामंजींनी पाणी घेतलं. संध्याकाळ व्हायच्या आत ते गेले.

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं करत राहिले. मी तेवढंच केलं.

तेरावा झाल्यावर मी बागेत गेले. हे कलमांच्या मुळांशी भर घालत होते. मी म्हटलं, "मी सासूबाईंना सांगते. आजच सांगते."

"काय सांगणार?"

"खरं ते."

त्यांनी हातातली माती झटकली. "आबांना सांगायचं होतं. आता आई काय करणार? तुला माहेरी धाडील, शालूला ठेवून घेईल. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं." मग म्हणाले, "मला एकच वाटतं — तू त्या दिवशी एवढी का घाबरलीस? मी होतो ना तिथे."

ते पुन्हा वाकून माती ओढायला लागले. मी घरी आले, आणि सासूबाईंना काही सांगितलं नाही.

तर घाबरलीस, असं त्यांना वाटतं. तुम्हांलाही तेच वाटत असेल. बिचारी, सुनेची जात, घाबरली असेल. मी स्वतःलाही इतकी वर्षं हेच सांगत आले. भीती होती, ती खोटी नव्हती. पण बाटली फरशीवर गडगडली तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं होतं, आधी, बोलायच्या आधी. ते खांबाला टेकून उभे होते — दिलेला शब्द पाळून, निर्धास्त. आणि मला वाटलं, यांनाही कळू दे. अक्रोडाखाली माझा हात खाली केला होता ना, आता यांनाही माझ्या बाजूला येऊन उभं राहू दे. हे सगळं एका क्षणात वाटलं, पण वाटलं. मला त्यांच्या स्वच्छपणाचा राग होता, आणि तो मळवायची संधी समोर आली, ती मी घेतली. जे सांगायचं होतं ते हे. बाटलीचं त्या मानानं काहीच नाही.

सासूबाईही आता नाहीत. जाताना देवघर माझ्या स्वाधीन करून गेल्या. पूजेला भटजी येतात, दीर आले की ते करतात, नैवेद्य रोज मी करते. ह्यांना आता कुणी अडवणारं राहिलेलं नाही, पण ते उंबऱ्याशीच थांबतात.

गेल्या आठवड्यात दुपारी मी आणि शालू कोकमं फोडत बसलो होतो. तिला आता चांगलं कळायला लागलं आहे. तिनं सहज विचारलं, "आई, काका आले की पूजा करतात. मग बाबा का नाही करत?"

घरात आम्ही दोघीच होतो. सासरे नाहीत, सासू नाही, जाऊ मुंबईला. दारसुद्धा लोटलेलं होतं.

मी म्हटलं, "लहान होतीस तू. म्हणजे, झालीच नव्हतीस. आम्ही परदेशी गेलो होतो, तेव्हा त्यांच्या हातून चूक झाली."

"कसली?"

"दारू प्यायले."

तिनं हातातलं कोकम फोडून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तू नव्हतीस ना प्यायलीस?"

"नाही," मी म्हटलं.

शालू रोज संध्याकाळी हे आले की धावत जाते आणि त्यांच्या हातातली पिशवी घेते. त्या दिवशी फाटक वाजलं, ती जागची उठली नाही. हे ओसरीवर येऊन थोडा वेळ उभे राहिले. मग पिशवी स्वतःच खुंटीला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी जेवणाची पानं घ्यायला उठले.